एसीचा पाइप फुटला तरी कुणी मरू नये म्हणून त्याने गॅस शोधला, पुढे तोच गॅस ओझोनच्या मुळावर उठला

एप्रिल-मे महिना असतो. गाडीचा एसी चालू केला, ब्लोअर फुल केला, पण जाळीतून येतेय ती गरम हवा. गाडी गॅरेजला नेली की मेकॅनिक बोनेट उघडतो, एका पाइपच्या जोडावरचा तेलकट डाग दाखवतो आणि सांगतो, इथून लिकेज आहे, गॅस गेला.

गाडी स्पोर्ट्स कार असेल तर काम आणखी वाढतं. इंजिन ठासून बसवलेलं, हात घालायला जागा नाही, गाडी जमिनीला टेकलेली आणि पाइप भलतेच लांब. जुन्या पोर्शे ९११ चंच बघा. तिचं इंजिन मागे, त्यामुळे एसीचा कंप्रेसरही मागे. पण थंड हवा देणारी कॉइल आणि एक कंडेन्सर पुढे. म्हणजे गॅस गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरणार. मधल्या रबरी पाइपला एक चीर पडली की विषय संपला.

पण या सगळ्यात एक गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही. तो गॅस गेला कुठे? पाइप फुटला, गॅस बाहेर आला, तरी गाडीतल्या कुणाला चक्कर आली नाही, डोळे चुरचुरले नाहीत, आग लागली नाही. फक्त एसी बंद पडला.

ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी थंडाव्याच्या मशीनचा पाइप फुटणं म्हणजे जिवाशी खेळ होता. तो खेळ थांबवला थॉमस मिडग्ली नावाच्या अमेरिकन इंजिनियरने. आणि जगाच्या हवेचं सगळ्यात जास्त नुकसान करणाऱ्या माणसांची यादी काढली तर त्यातही पहिलं नाव बहुतेक वेळा त्याचंच येतं.

केमिस्ट्री न शिकलेला केमिस्ट

थॉमस मिडग्लीचा जन्म १८ मे १८८९ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स गावातला. लहानपण गेलं ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात. घरात शोध लावण्याची परंपराच होती. वडील गाड्यांच्या टायरवर काम करणारे संशोधक, तर आईच्या वडिलांच्या नावावर दात बदलता येणाऱ्या करवतीचा शोध.

मिडग्लीने १९११ साली कॉर्नेल विद्यापीठातून डिग्री घेतली, ती मेकॅनिकल इंजिनियरिंगची. केमिस्ट्रीचं रीतसर शिक्षण त्याने घेतलंच नाही. पुढे याच माणसाला अमेरिकेतल्या केमिस्ट लोकांच्या सगळ्यात मोठ्या संस्थेने, म्हणजे अमेरिकन केमिकल सोसायटीने, आपला अध्यक्ष केलं.

१९१६ साली तो ओहायोतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली कामाला लागला. केटरिंग म्हणजे गाडीला इलेक्ट्रिक सेल्फ स्टार्टर देणारा माणूस. पुढे तो जनरल मोटर्सच्या रिसर्च विभागाचा प्रमुख झाला आणि मिडग्ली त्याचा सगळ्यात लाडका शिष्य.

केटरिंगने त्याला पहिलं काम दिलं ते इंजिनच्या नॉकिंगचं. त्या काळात चढावर गाडीचं इंजिन खडखड वाजायचं. पेट्रोल सिलिंडरमध्ये नको त्या वेळी पेट घ्यायचं, ताकद कमी व्हायची आणि इंजिनचं नुकसान व्हायचं.

मिडग्लीची काम करायची पद्धत सोपी होती, जे हाताला लागेल ते टाकून बघायचं. पेट्रोलला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषेल, असा एक अंदाज होता. लाल रंग हाताशी नव्हता म्हणून आयोडीन टाकलं आणि नॉकिंग कमी झालं! नंतर कळलं की त्याचा रंगाशी काही संबंध नव्हता, काम केलं होतं आयोडीननेच. पण आयोडीन महाग पडायचं. मग एकामागून एक पदार्थ तपासण्याचा सपाटाच लागला. टेल्युरियम वापरलं तेव्हा लसणासारखा असा वास अंगाला चिकटला, की माणसात जाणं मुश्किल झालं.

शेवटी ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड सापडलं. म्हणजे शिसं असलेलं एक संयुग. एका गॅलन पेट्रोलला काही ग्रॅम पुरायचे आणि इंजिन एकदम शांत. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्याच एका पंपावर हे पेट्रोल विकायला सुरुवात झाली. नाव ठेवलं एथिल. नावात शिशाचा उल्लेखच नव्हता.

विषाचा पहिला फटका त्यालाच बसला

शिसं विषारी आहे हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असं अजिबात नाही. मिडग्लीला तर स्वतःच्या अंगावरून कळलं होतं. १९२३ च्या सुरुवातीला शिशामुळे त्याची तब्येत इतकी बिघडली की त्याला सगळं काम सोडून मोकळ्या हवेसाठी मायामीला जावं लागलं.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग थांबतं, हेही केटरिंग आणि मिडग्ली दोघांना माहीत होतं. आज आपल्याकडे उसापासून बनणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, तो हाच पर्याय. पण अल्कोहोल कुणीही गाळू शकतो, त्यावर कंपनीची मक्तेदारी चालत नाही. शिशाच्या संयुगावर मात्र चालते.

१९२४ मध्ये प्रकरण चिघळलं. डेटनमध्ये या कामावरचे दोन कामगार गेले. ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या प्लांटमध्ये कामगारांना भ्रम व्हायला लागले, काहींना आवरण्यासाठी बांधून ठेवावं लागलं आणि पाच जणांचा जीव गेला.

लोक भडकले. तेव्हा ३० ऑक्टोबर १९२४ ला मिडग्लीने पत्रकारांना बोलावलं. सगळ्यांच्या समोर त्याने ते द्रव्य हातावर ओतलं, बाटली नाकाखाली धरली आणि साधारण मिनिटभर वास घेत राहिला. हे रोज केलं तरी काही होत नाही, असं त्याने पत्रकारांना पटवून दिलं. त्याच विषाने आजारी पडून त्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

काही काळ विक्री थांबली, सरकारी समिती बसली आणि १९२६ मध्ये एथिल परत पंपावर आलं. पुढची कित्येक दशकं जगभरातल्या गाड्या धुरातून शिसं सोडत राहिल्या. भारतात शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा देश, अल्जेरिया, थांबला तो थेट २०२१ मध्ये.

मिडग्लीच्या आयुष्यातला हा भाग लक्षात ठेवायला पाहिजे. कारण दुसरा शोध लागला तेव्हा त्याची बाजू बरीच वेगळी होती.

फ्रिज घरात आणि मरण स्वयंपाकघरात

एसी असो की फ्रिज, तत्त्व एकच. एखादं द्रव वाफ होताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. ती वाफ कंप्रेसरने दाबायची, कंडेन्सरमध्ये तिची उष्णता बाहेर सोडायची, तिचं परत द्रव करायचं आणि परत वाफ होऊ द्यायची. हे चक्र चालू राहिलं की थंडावा मिळत राहतो. त्यामुळे सगळा खेळ आहे तो आत कुठला गॅस फिरतोय याचा.

१९२० च्या दशकात त्यासाठी तीन गॅस वापरले जायचे. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड. पहिला नाकाडोळ्यांची आग करणारा, दुसरा घसा जाळणारा आणि तिसऱ्याला नीट वासही नाही, त्यामुळे झोपेतच माणूस संपायचा. लोक फ्रिज घेतले तरी घराच्या मागच्या बाजूला ठेवायचे.

हा प्रश्न इतका मोठा होता की आईनस्टाईनही त्यात उतरला होता. बर्लिनमधल्या एका कुटुंबाचा फ्रिजच्या गॅसने बळी घेतला, ही बातमी वाचून त्याने लिओ झिलार्डसोबत एक नवा फ्रिज तयार करायला घेतला. त्यांचं म्हणणं असं की गॅस गळतो तो हलणाऱ्या भागांच्या सीलमधून. मग हलणारे भागच नकोत. त्यांनी त्याची पेटंटंही घेतली.

म्हणजे आईनस्टाईनने पाइप आणि सील सुधारायचं ठरवलं. मिडग्लीने प्रश्न उलटा धरला. पाइप आज ना उद्या फुटणारच, मग गॅसच असा आणा की फुटला तरी काही होणार नाही.

पाच बाटल्या आणि एक गिनीपिग

फ्रिजिडेअर ही फ्रिज बनवणारी कंपनी तेव्हा जनरल मोटर्सचीच होती. १९२८ साली केटरिंगने मिडग्लीला सांगितलं की विषारी नसलेला, पेट न घेणारा गॅस शोधायचा. मिडग्ली, अल्बर्ट हेन आणि रॉबर्ट मॅकनॅरी असे तिघे कामाला लागले.

मूलद्रव्यांचा तक्ता समोर ठेवून ते एकेक नाव खोडत गेले आणि फ्लोरिनपाशी येऊन थांबले. फ्लोरिन स्वतः भयंकर विषारी. त्यामुळे त्याची संयुगंही विषारीच असणार, असं सगळे धरून चालले होते. पण कार्बनसोबत फ्लोरिनची पकड इतकी घट्ट असते की ती सहजासहजी सुटत नाही. सुटतच नसेल तर ते शरीराला त्रास कसा देणार, असा हा हिशोब होता.

प्रयोगासाठी अँटिमनी ट्रायफ्लोराइड लागत होतं. त्यांनी पाच छोट्या बाटल्या मागवल्या. एक उचलली, गॅस बनवला, एका गिनीपिगला त्यात ठेवलं. गिनीपिग मजेत! सगळ्यांना वाटलं, जमलं.

मग दुसरी बाटली वापरली आणि या वेळी गिनीपिग मेला. तपासल्यावर कळलं की पाचपैकी चार बाटल्यांत भेसळ होती आणि त्यामुळे फॉस्जीन हा विषारी वायू तयार होत होता. शुद्ध माल होता तो फक्त पहिल्या बाटलीत. पहिल्याच वेळी दुसरी कुठली बाटली हातात आली असती, तर बहुतेक तिघांनी हा नाद तिथेच सोडला असता.

एप्रिल १९३० मध्ये अटलांटा इथे केमिकल सोसायटीच्या सभेत मिडग्लीने नवा गॅस जगासमोर आणला. सहा वर्षांपूर्वीसारखाच खेळ. त्याने तो गॅस छातीत भरून घेतला आणि जळत्या मेणबत्तीवर फुंकला. मेणबत्ती विझली. म्हणजे गॅस पेट घेत नाही आणि माणूसही ठणठणीत. या वेळी मात्र त्याने दाखवलेलं खरं होतं.

त्याच वर्षी जनरल मोटर्स आणि ड्यूपॉन्ट यांनी मिळून कंपनी काढली. गॅसचं नाव फ्रीऑन. आपल्या गॅरेजच्या भाषेत आर-१२. आईनस्टाईनचा फ्रिज मागे पडला आणि फ्रिज सरळ स्वयंपाकघरात आला.

मग तो गाडीत शिरला

१९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीने गाडीत एसी आणला. किंमत २७४ डॉलर आणि अर्धी डिकी व्यापलेली. कंप्रेसर बंद करायची सोय नव्हती. थंडीच्या दिवसांत एसी नको असेल तर गाडी थांबवून, बोनेट उघडून पट्टा काढून ठेवायचा. दोन-तीन वर्षांत तो प्रकार बंद पडला.

१९५३ पासून मोठ्या कंपन्या परत गाडीच्या एसीकडे वळल्या. १९६३ मध्ये जनरल मोटर्सच्या शेवरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये पहिल्यांदा कंपनीतूनच एसी मिळायला लागला. त्या वर्षी २१ हजारांहून जास्त कॉर्व्हेट बनल्या, त्यातल्या एसीवाल्या तीनशेसुद्धा नव्हत्या. पण काही वर्षांतच एसी ही नेहमीची गोष्ट झाली आणि प्रत्येकात आर-१२.

इथेच खरी गडबड झाली. घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि कंप्रेसर एकाच सीलबंद डब्यात असतात आणि सगळे पाइप वितळवून जोडलेले असतात. वर्षानुवर्षं गॅस हलत नाही. गाडीत तसं करता येत नाही. कंप्रेसर इंजिनला बांधलेला असतो आणि इंजिन सतत थरथरतं. कंडेन्सर मात्र बॉडीला पक्का. दोन्ही जोडायला लवचिक रबरी पाइपच लागतो. रबरातून गॅस थोडा थोडा झिरपतो, ओ-रिंग वाळते, कंप्रेसरच्या शाफ्टचं सील झिजतं. स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनची उष्णता जास्त, पाइप लांब आणि जमिनीजवळ, त्यामुळे हे सगळं आणखी लवकर होतं.

म्हणजे गाडीचा एसी हा गळणारच होता. पण गळलेला गॅस निरुपद्रवी आणि स्वस्त. मग लिकेज काढायला वेळ कोण घालवणार? गॅरेजवाला उरलेला गॅस हवेत सोडून द्यायचा, नवा भरायचा, पुढच्या उन्हाळ्यात परत तेच. कित्येक दशकं जगभर हेच चाललं. मिडग्लीच्या गॅसने पाइप फुटण्याची भीती संपवली आणि भीती संपल्यावर काळजीही संपली.

पुढचं बघायला तो उरला नाही

मिडग्लीवर मानसन्मानांचा पाऊस पडत होता. १९३७ मध्ये पर्किन मेडल, १९४१ मध्ये प्रिस्टली मेडल, शंभराहून जास्त पेटंट. पण १९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी त्याला पोलिओ झाला आणि पाय निकामी झाले.

इंजिनियर माणूस, तिथेही त्याने मशीन बनवलं. बिछान्यातून स्वतःला उचलता यावं म्हणून दोऱ्या आणि कप्प्यांची एक रचना केली. २ नोव्हेंबर १९४४ ला ओहायोतल्या वर्थिंग्टनच्या घरी तो त्याच दोऱ्यांमध्ये गळा आवळलेल्या अवस्थेत मृत सापडला. बाहेर अपघात म्हणून सांगितलं गेलं, पण मृत्यूची नोंद आत्महत्या अशी झाली. वय होतं ५५. त्या वर्षी तो केमिकल सोसायटीचा अध्यक्ष होता.

तो गेला तेव्हा जगाच्या लेखी तो हिरोच होता.

गॅस गेला कुठे?

हा प्रश्न नीट विचारला गेला तो १९७४ मध्ये. कॅलिफोर्नियातले मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी हिशोब मांडला. आर-१२ कशासोबतच रिॲक्शन करत नाही. पावसात विरघळत नाही, जमिनीत मुरत नाही. मग तो वर वर जात राहतो. ओझोनच्या थरापर्यंत पोचल्यावर सूर्याची अतिनील किरणं त्याला फोडतात आणि क्लोरीन मोकळा होतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे सुमारे लाखभर रेणू मोडू शकतो. आणि आर-१२ हवेत टिकतो साधारण शंभर वर्षं.

म्हणजे ज्या गुणामुळे तो माणसाला सुरक्षित होता, त्याच गुणामुळे तो आकाशात घातक ठरला. त्याला खाली मोडता आलं असतं, तर तो वर पोचलाच नसता.

१९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन थर किती पातळ झालाय हे दाखवून दिलं. १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियल करार झाला. पुढे जगातले सगळे देश त्यात आले, भारत १९९२ मध्ये. मोलिना आणि रोलँड यांना पॉल क्रुट्झनसोबत १९९५ चं नोबेल मिळालं.

त्यानंतर आर-१२ इतका महाग झाला की ९० च्या दशकात अमेरिकेत त्याची तस्करी व्हायला लागली. त्याचा मोठा अड्डा होता मायामी.

आजच्या गॅरेजमध्ये मिडग्ली

जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी दुरुस्त करायला घेतला की आजही मिडग्ली आडवा येतो. साधारण १९९४ पूर्वीच्या गाडीत आर-१२ साठीची सिस्टीम असते. नंतर आलेला आर-१३४ए ओझोनला हात लावत नाही, पण त्याचे रेणू लहान, जुन्या रबरातून पटकन निसटतात. म्हणून नुसता पाइप जोडून चालत नाही. आतून नायलॉनचा थर असलेला होस पाइप बनवून घ्यावा लागतो, ओ-रिंग बदलाव्या लागतात, ऑइलही बदलावं लागतं, कारण जुन्या सिस्टीमचं मिनरल ऑइल नव्या गॅससोबत मिसळत नाही.

नीट काम करणारा मेकॅनिक आधी उरलेला गॅस मशीनने ओढून घेतो, हवेत सोडत नाही. मग फुटलेला पाइप आणि ड्रायर बदलतो, नायट्रोजनचं प्रेशर देऊन लिकेज तपासतो, अर्धा-पाऊण तास व्हॅक्यूम मारतो आणि मग गॅस वजन करून भरतो. कारण आर-१३४ए ओझोनला सोडत असला तरी तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त जड पडतो. म्हणून आता त्याच्याही जागी नवा गॅस येतोय.

आता मिडग्लीचा हिशोब कसा मांडायचा? दोन्ही शोध एका मापाने मोजणं बरोबर नाही. १९३० मध्ये ओझोनवर गॅसचा काय परिणाम होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. विषारी फ्रिजपासून त्याने खरंच लोकांचे जीव वाचवले. शिशाचं मात्र तसं नव्हतं. तिथे त्याला माहीत होतं, त्याने भोगलं होतं, कामगार मेले होते, तरी त्याने पत्रकारांसमोर हात धुऊन दाखवले.

ओझोनचं नुकसान हळूहळू भरून निघतंय. अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या आसपास १९८० च्या पातळीवर येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कारण जगाने आर-१२ वेळेत थांबवला.

म्हणून पुढच्या वेळी मेकॅनिक म्हणाला की लिकेज राहू द्या, नुसता गॅस भरून देतो, तर थोडे पैसे जास्त घालवून पाइप बदलून घ्या. गेलेला गॅस दिसत नाही, त्याचा वास येत नाही, पण तो कुठेतरी जातोच.